थंड माप

‘गरम’ असं लिहिलेला डबा कपाटात दिसला. तो तिथं असायला नको होता. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी आले होते पॅकिंगच्या फोमची पट्टी शोधायला. पट्टी राहिली बाजूला. डबा उचलला तर जड लागला. मनात म्हटलं, कोणीतरी त्यात नटबोल्ट भरून ठेवलेले असू देत, काहीही असू दे. झाकण काढलं. आत रिंग होती, ॲल्युमिनियमची, टिश्यू कागदात गुंडाळलेली, टर्नरनं लेथवर कातून दिली तशीच्या तशी.

ही रिंग त्या क्षणी शेजारच्या हॉलमधल्या टाकीत, अण्णांच्या भिंगाभोवती असायला हवी होती. ती इथं आहे म्हणजे तिथं दुसरी आहे. आणि तिथं दुसरी असेल, तर दिवस मावळायच्या आत ती भिंगाचा गळा आवळणार होती.

हे नीट सांगायला हवं. आम्ही जे यंत्र बांधतो ते दूरच्या ग्रहांची हवा तपासायचं. ग्रह त्याच्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन आपल्याकडे येतो. त्या हवेत पाण्याची वाफ असेल, आणखी काही वायू असतील, तर त्या उजेडाच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा पडतात. त्या रेघा वाचायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण आमची दुर्बीण जमिनीवर, आणि जमिनीवर आपली स्वतःची हवा आहे, तीही वाफेनं भरलेली. म्हणजे ओला चष्मा घालून दुसऱ्याच्या घरातली ओल शोधायची. त्यात यंत्र स्वतः गरम असलं तर तेही आपला उजेड मध्येच घुसडतं. म्हणून त्याला टाकीत बंद करायचं, आतली हवा काढून घ्यायची आणि शून्याखाली एकशे नव्वद अंशांपर्यंत थंड करायचं.

त्या यंत्राचं मुख्य भिंग माझ्या वडिलांनी घासलेलं. त्यांना घरी मी अण्णा म्हणते, आणि माझं ऐकून ऐकून सगळी प्रयोगशाळाच त्यांना अण्णा म्हणायला लागली. वय एकाहत्तर. निवृत्त होऊन घरी बसले होते; आमच्या प्रमुख बाई स्वतः घरी येऊन त्यांना घेऊन गेल्या. ताटलीएवढं एकच भिंग ते चौदा महिने घासत होते. तसं दुसरं नाही. मी आहे यांत्रिक बाजूची, म्हणजे भिंगं धरणाऱ्या रिंगा, त्यांचे पाय, त्यांच्या खालचे पाट, हे सगळं माझं. अण्णा आम्हाला ‘लोखंडवाले’ म्हणतात. सगळं ॲल्युमिनियमचं आहे हे शंभरदा सांगून झालं.

आता गोम अशी की थंडीत धातू आकसतो आणि ही काच जवळजवळ आकसत नाही. म्हणून रिंग खोलीत असताना सैल हवी. थंडीत आकसून ती बरोबर मापाला येते. मी दोन रिंगा करून घेतल्या होत्या. एक तालमीसाठी. खोलीत जुळवाजुळव करताना भिंग पुढे थंडीत बसणार तसंच बसावं, म्हणून ती थेट थंडीतल्या मापाची केलेली. दुसरी खरी, यंत्रात जायची, चांगली सैल. पहिलीचं माप थंडीतलं, म्हणून तिच्या डब्यावर मी लिहिलं ‘थंड’. दुसरीचं माप खोलीतलं, म्हणून ‘गरम’. आम्ही ड्रॉइंगवाले असंच बोलतो, थंड माप, गरम माप. माझ्या लेखी यात शंका यायला जागाच नव्हती.

मी डबा काखेत मारून हॉलमध्ये गेले. टाकीजवळ हळू बसला होता. हळू म्हणजे आमचा फिटर. काहीही उचलताना ‘हळू, हळू’ म्हणतो, म्हणून नावच पडलं. हात मात्र सोन्याचे.

“हळू, भिंगाला कुठली रिंग घातलीस?”

“थंड लिहिलेली, ताई. थंडीत जायची ना ती.”

इतक्या सरळपणे म्हणाला तो. एरवी मी असल्या वेळी आधी ओरडते आणि मग विचार करते. पण ओरडणार काय? थंडीत जाणाऱ्या वस्तूसाठी दोन डबे समोर आहेत, एकावर थंड, एकावर गरम. शहाणा माणूस कुठला उचलेल? गाढवालासुद्धा विचारलं असतं तरी त्यानं थंडच सांगितलं असतं.

“चुकलं का काही?” त्यानं विचारलं.

मी पेन घेतलं. त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आतल्या रिंगेची भिंगाभोवतीची एकूण फट चार दशांश मिलिमीटर. रिंग थंड होत जाईल तशी फट कमी होणार. पुन्हा मांडला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. उणे त्र्याहत्तर अंशांना फट शून्य, आणि त्याच्या खाली धातू काचेला दाबणार. एकशे नव्वदपर्यंत पोचायची गरजच नाही. काचेला ठेचायला त्याच्या निम्मंही पुरे.

पडद्यावर रिंगेचं तापमान दिसत होतं. उणे अठ्ठावन्न. आदल्या संध्याकाळपासून आम्ही मोठ्या कौतुकानं ते खाली जाताना बघत होतो.

बाई त्यांच्या खोलीत फोनवर होत्या. यंत्राची पेटी शुक्रवारी निघायची होती, तिचंच चाललेलं. डोंगरावरच्या दुर्बिणीनं आम्हाला वर्षातून एकदाच जागा दिली होती, अकरा रात्रींची, आणि त्यात आमचा ग्रह दोनदा ताऱ्यासमोरून जाणार होता. बाईंनी आठ वर्षं या अकरा रात्रींच्या मागे घालवलेली. मी दार न वाजवताच आत शिरले, पाठोपाठ हळू.

“बाई, थंड करणं बंद करायला लागेल. आत्ता.”

त्यांनी फोन खाली ठेवला. “कारण?”

“कपाटात गरम आहे, म्हणजे आत थंड आहे.”

“माणसांच्या भाषेत सांग.”

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आत्ता बंद केलं तर खोलीच्या तापमानाला यायला तीन दिवस. रिंग बदला, पुन्हा बंद करा, पुन्हा थंड करा. शुक्रवार गेला. कळतंय ना?”

“कळतंय.”

“खात्री आहे?”

“डबा हा बघा.”

बाईंनी डबा बघितला आणि मग हळूकडे बघितलं. मागच्या वर्षी त्याच्या हातून एक आरसा निसटला होता. तेव्हा बाई त्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, पुन्हा असं झालं तर तुझं इथलं काम संपलं. तो ते विसरला नव्हता, त्याही नव्हत्या.

“माझीच चूक, बाई,” हळू म्हणाला. “विचारायला हवं होतं मी.”

आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. एवढं मोठं ओझं कोणीतरी आपण होऊन उचललं की बरं वाटतंच. दुसऱ्या क्षणी माझीच मला शिसारी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारी उभा राहून बघतोय!

“त्याची कसली चूक?” मी म्हटलं, आणि आवाज चढलाच. “डब्यावर मी लिहिलंय. मला जे कळतं ते सगळ्या जगाला कळतं असं धरून लिहिलंय. त्याला काही बोलू नका.”

“ओरडू नकोस,” बाई म्हणाल्या. “चल, बंद करू.”

दहा वाजायला दहा मिनिटं असताना कॉम्प्रेसरचा आवाज थांबला. पंधरा तास कानात बसलेली घरघर एकदम गेली. पडद्यावर उणे एकसष्ट. आम्ही तिघं बघत राहिलो. उणे एकसष्ट पूर्णांक एक. पूर्णांक दोन.

“बंद केलंय ना?” बाई म्हणाल्या.

“केलंय. पण रिंगेभोवतीचं आवरण तिच्यापेक्षा कितीतरी थंड आहे. ते रिंगेला ओढतच राहणार.”

“मग हीटर लावा.”

हीटर होते, पण खालच्या पाटावर. पाटापासून रिंगेपर्यंत उष्णता पोचायची ती तीन पायांतून. ते पाय मी मुद्दाम काडीसारखे बारीक केले होते, उष्णता वर चढू नये म्हणून. त्या पायांचं मला केवढं कौतुक होतं! बैठकीत चित्रं दाखवून दाखवून मी सगळ्यांना जेरीस आणलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. हळूनं हीटर पूर्ण चढवले. रिंगेला त्याचा पत्ताही लागला नाही.

“कोरडा वायू सोडला तर आत?” बाईंनी विचारलं. “टाकीची बाहेरची भिंत गरम आहे, तिची ऊब तो आत नेईल.”

“आधी थंड आवरणाची थंडी रिंगेला लागेल, मग बाहेरची ऊब. तोवर खेळ खलास.”

मी टर्नरला फोन लावला. म्हटलं, रिंग शतांशभर जरी मोठी झाली असेल तरी आम्हाला दोन-अडीच अंश जास्त मिळतील.

“तालमीची रिंग किती मापात आली होती?”

“अगदी मापात, ताई,” तो अभिमानानं म्हणाला. “माझी रिंग मोठी नसते न् लहान नसते.”

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, या माणसानं एकदा तरी वाईट काम केलं असतं तर किती बरं झालं असतं.

अकरा वाजता अण्णा आले. रोज अकरालाच येतात, हातात छत्री आणि खिशात मऊ फडकं. भिंग टाकीत गेल्यापासून त्यांना काम काहीच नव्हतं, तरी यायचे. लेक सासरी गेली की बाप जसा तिच्या गल्लीतून चक्कर मारून येतो, तसं. त्यांनी एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. उणे पासष्ट.

“कॉम्प्रेसर का बंद आहे?”

हळूनं माझ्याकडे बघितलं. मग मीच बोलले. रिंग, डबे, त्र्याहत्तर, सगळं. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्या छत्रीकडे बघत होते. मला वाटलं, आता ते चिडतील. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं, मीही चिडले असते.

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. टाकीजवळ गेले, वाकले आणि टाकीच्या लोखंडी पायावर तळहात ठेवला.

“फट कमीच होती,” ते म्हणाले.

“काय?”

“बसवताना. भिंग मीच ठेवलं ना आत. हाताला कळलं होतं. तालमीत होती तेवढीच फट. मला वाटलं, आता जास्त असायला हवी.”

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग डोक्यात तिडीक गेली.

“तुम्हाला कळलं होतं? आणि तुम्ही गप्प बसलात? अण्णा, तुमच्या स्वतःच्या भिंगाचा प्रश्न होता! तोंडाला कुलूप घातलं होतंत का? एक शब्द बोलायला काय झालं होतं?”

ते तसेच वाकून उभे. माझ्याकडे वळलेही नाहीत.

“तू म्हणाली होतीस बोलू नका म्हणून,” ते म्हणाले. “तालमीच्या दिवशी. मी एका स्क्रूबद्दल काहीतरी म्हटलं, तर सगळ्यांसमोर म्हणालीस, काचेचं तुम्ही बघा, लोखंडाचं मी बघते, उगाच मध्ये बोलून मला वेड लावू नका.”

मला तो दिवस आठवत होता. शब्दसुद्धा तेच होते. मी बोलले होते आणि पाच मिनिटांत विसरून गेले होते. अण्णांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवलेही होते, हसलेही होते.

“मला वाटलं, तुझं काहीतरी गणित असेल,” अण्णा म्हणाले. “मला कुठं गणित येतं.”

मला लाज वाटली. पार टाळूपासून तळव्यापर्यंत लाज वाटली. आणि मी पडद्याकडे बघत बसले.

साडेबारा. उणे एकोणसत्तर. वेग कमी होत होता, एवढीच जमेची बाजू. तासाला चार अंश जाणारं तापमान आता तासाला दोन अंश जात होतं. पण उरले होतेही चारच. मी दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होते आणि त्यातून पुढची रेघ काढत होते. रेघ एकदा बहात्तरवर टेकायची, एकदा चौऱ्याहत्तरवर. बाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा सगळ्यांसाठी चहा आणला त्यांनी स्वतः. कोणी प्यायलं नाही.

“अण्णा, खुर्चीवर तरी बसा,” हळू म्हणाला.

“नको. इथं हाताला कळतं.”

“आवाज येतो का हो फुटताना? आत हवा तर नाही.”

“हवा नाही, पण पाय आहेत. लोखंडातून येतो.” अण्णांनी तळहात हलवला नाही. “मोठा आवाज झाला तर संपलंच. पण काच मोठ्यानं फुटतेच असं नाही. कधी कधी कडेला नुसती चीर पडते. बघणाऱ्याला दिसत नाही, उजेड सरळ जातो, सगळं छान. आणि पुढच्या वेळी थंड केलं की ती चीर सरकते. मग एकदम दोन तुकडे. आणि तुकडे पडतात ते नेमके सगळ्यात महागाच्या वस्तूवर.”

“असं बोलू नका हो,” हळू म्हणाला.

दोन वाजता उणे एकाहत्तर पूर्णांक चार. तीन वाजता बहात्तर पूर्णांक पाच. रिंगेला हीटरची ऊब लागायला लागली होती, माझ्या वहीतली रेघ वाकत होती, पण त्र्याहत्तरच्या आधी पूर्ण वळेल की नंतर, हे मला सांगता येईना. मी आजवर आयुष्यात कधी कोणाची विनवणी केली नाही. त्या तासात मी तीन बारीक पायांची विनवणी करत होते, की बाबांनो, चढू द्या थोडी ऊब, तुमच्या पाया पडते.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी त्र्याहत्तर. सगळे उभे राहिले. त्र्याहत्तर पूर्णांक एक. पूर्णांक दोन.

टिक.

एवढाच. नखानं कपाला टिचकी मारावी एवढा.

“काय होतं ते?” बाईंचा आवाज फाटला.

हळू म्हणाला, “धातू असेल. थंड-गरम होताना धातू वाजतोच.”

आम्ही अण्णांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. तळहात लोखंडावरच होता.

“नाही सांगता येत,” ते म्हणाले.

त्र्याहत्तर पूर्णांक चार. तिथं आकडा थांबला. वीस मिनिटं हलला नाही. मग पूर्णांक तीन. हळूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हसायला लागला, आणि मला कळेना की हा हसतोय की रडतोय. पाच वाजता उणे बहात्तर. फट पुन्हा उघडली होती. आत काय झालं होतं ते कळायला अजून तीन दिवस होते. तोवर झाकली मूठ.

त्या तीन दिवसांत अण्णा आणि मी एकाच घरात राहून फार बोललो नाही. मी दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा शब्द सुचले नाहीत आणि दुसऱ्यांदा ते म्हणाले, “आधी उघडू दे, मग बघू.” हळू तिन्ही दिवस प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी यायचा आणि पडद्यासमोर बसायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई जवळजवळ धावतच हॉलमध्ये आल्या. दुर्बिणीवर आमच्या आधी ज्यांची पाळी होती त्यांचं यंत्र रखडलं होतं. त्यांना आमच्या पहिल्या तीन रात्री देऊन डोंगरावरच्या लोकांनी आम्हाला पेटी पोचवायला आठ दिवस जास्त दिले होते.

“भिंग चांगलं असेल तर आज रिंग बदलू,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून थंड करू. पुढच्या शुक्रवारी पेटी निघेल. अकरातल्या आठ रात्री मिळतील आणि ग्रह एकदा तरी सापडेल!” मी त्यांना इतकं आनंदात कधी बघितलं नव्हतं. “दुपारी फोन करून हो की नाही ते सांगायचंय.”

झाकण निघालं. हळू ‘हळू, हळू’ म्हणत एकेक स्क्रू काढत होता. अण्णांनी हातमोजे घातले, आत वाकले आणि रिंगेसकट भिंग बाहेर काढून मऊ गादीवर ठेवलं. हळूनं रिंग वर उचलून बाजूला केली. भिंग अखंड होतं. खिडकीचा उजेड त्यात स्वच्छ उतरला होता. पृष्ठभागावर ना ओरखडा ना डाग. कडेला फक्त तीन ठिकाणी धातू टेकल्याच्या करड्या खुणा होत्या, पुसल्या की जातील अशा.

“टेकली होती,” बाई म्हणाल्या, “पण वाचली! अण्णा, वाचली तुमची काच!”

हळूनं टाळी वाजवली. मागे उभी असलेली चार-पाच पोरंही टाळ्या वाजवायला लागली. इतकं हलकं वाटलं की मी टेबलाला धरलं.

अण्णांनी उजव्या हाताचा मोजा काढला. फडक्यानं पहिली खूण पुसली आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. दुसरी पुसली, नख फिरवलं. तिसरी पुसली. नख फिरत होतं ते थांबलं. पुन्हा मागे आणलं, पुन्हा त्याच जागी थांबलं.

त्यांनी मान वर केली. बाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. सगळे हसत होते, बाई खिशातून फोन काढत होत्या, आणि माझे वडील माझ्याकडे असे बघत होते की मला कळलं, हा माणूस अजूनही मी परवानगी देईन म्हणून थांबलाय.

“बोला ना, अण्णा,” मी म्हटलं.

त्यांनी माझं बोट धरलं आणि नख कडेवर टेकवून हळूच ओढलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग नख अडकलं. केसाएवढं. मग त्यांनी बॅटरी कडेला लावली. काचेच्या आत चांदीच्या कागदासारखा एक पापुद्रा चमकला, दोन बोटं आतपर्यंत. समोरून बघणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

“कड घासून निघेल?” मी कुजबुजले.

“एवढी आत गेल्यावर नाही.”

बाईंनी फोन कानाला लावला होता.

“बाई, थांबा,” मी म्हटलं. “नाही म्हणून सांगा त्यांना. भिंग तडकलंय.”

टाळ्या एकेक करत थांबल्या. बाई फोन घेऊन तशाच उभ्या राहिल्या, पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. हळू रिंग हातात घेऊन खाली बसला. अण्णांनी भिंगावर फडकं पांघरलं, चारी बाजूंनी नीट खोचलं.

“त्या दिवशीच बोलायला हवं होतं मी,” ते म्हणाले.

“बोलला असतात, अण्णा,” मी म्हटलं, “तरी मी ऐकलं नसतं.”